पाटीवरची दोन अक्षरं

लेक सुट्टीला घरी आली की आमच्या दिवाणखान्यात एक घडीचं टेबल उघडलं जायचं. कमरेइतकं उंच, निळ्या रेक्झिनचं, डोक्याच्या बाजूला चेहरा टेकवायला गोल भोक. गाडीच्या डिकीतून ते आत आणताना एकदा दाराला घासलं, त्याचा ओरखडा चौकटीवर अजून आहे. टेबल उघडलं की घरात जो सापडेल त्याने त्यावर झोपायचं. तिचे बाबा झाले, धाकटा भाऊ झाला, शेजारच्या काकूही झाल्या. पहिल्या वर्षाच्या नाताळच्या सुट्टीत माझा नंबर लागला.

मी उताणी झोपले. ती डोक्याशी स्टूल घेऊन बसली, दोन्ही तळहात माझ्या मानेखाली सरकवले, बोटांची टोकं कवटीच्या कडेला टेकवली आणि गप्प राहिली. मिनिट गेलं, दोन गेली. मी म्हटलं, "अगं, कर की काहीतरी." ती म्हणाली, "करतेय. तू मान सोड, धरून ठेवलीयस." मला तर वाटत होतं मी सोडलीच आहे. आणखी थोड्या वेळाने आतली कुठलीतरी दोरी सैल झाली आणि डोक्याचा सगळा भार तिच्या बोटांवर गेला. वीस वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या मानेत काय काय साठलेलं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

ती ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात शिकत होती. चार वर्षांनी तिच्या नावापुढे एमडी नाही, डीओ लागणार होतं, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. ह्या दोन अक्षरांबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांची बरीच मुलं आता ह्या वाटेने जातात, आणि आईवडील मंडळाच्या कार्यक्रमात अजूनही आवाज हळू करून ते सांगतात. मीही तसंच सांगायचे. कुणी विचारलं तर "मेडिकलला आहे" एवढंच, आणि लगेच विषय जेवणाकडे.

मी मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वानलेस साहेबांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. तिथे वाढलेल्या पोरांना डॉक्टरांच्या पाट्या वाचायची सवय लागते. एमडी, एमएस, डीसीएच, डीजीओ, बीएएमएस. कुठल्या दारात चपला काढायच्या हे त्या अक्षरांवरून ठरतं. आणि त्या पाट्यांवर डी.ओ. दिसलं तर ते डोळ्यांच्या डॉक्टरचं, नेत्ररोगातल्या डिप्लोमाचं. त्यामुळे माझ्या मामाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हाच, "म्हणजे डोळ्यांची डॉक्टर होणार का ती?" मी समजावलं की तसं नाही, सगळं मेडिकल शिकतात, शिवाय हाताने हाडं, सांधे, स्नायू तपासायचं आणि मोकळे करायचं वेगळं शिक्षण असतं, दोनेकशे तासांचं. शेजारी बसलेली माझी आई ते ऐकून म्हणाली, "म्हणजे हाडवैद्य की गं."

तेव्हा मला ते लागलं होतं. लाखो रुपयांचं कर्ज, रात्र रात्र जागरणं, आणि आईने तिला हाडवैद्य म्हणावं. पण पुढे जेव्हा मी स्वतः वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात मुळाच्या सगळ्यात जवळ आईच पोचली होती. अँड्र्यू टेलर स्टिल हा ह्या शास्त्राचा प्रवर्तक. जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. १८६४ मध्ये त्याची तीन मुलं मेंदूज्वराने काही आठवड्यांत गेली. डॉक्टर असून आपल्याला काही करता आलं नाही, आणि त्या काळची पाऱ्याची औषधं नि रक्त काढणं ह्यांनी रोगी बरे होण्यापेक्षा खचतातच, हे त्याच्या मनाने घेतलं. १८७४ मध्ये त्याने आपला वेगळा विचार जाहीर केला. लोक त्याला हाडं बसवणारा म्हणूनच ओळखायचे. १८९२ मध्ये त्याने मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, आणि पहिल्याच वर्गात मुलींनाही घेतलं.

तिथून आजपर्यंतची वाट सरळ नव्हती. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात अशी तडजोड झाली की डीओ डॉक्टरांनी ६५ डॉलर भरायचे आणि एमडीचं प्रमाणपत्र घ्यायचं. दोन हजारांच्या आसपास डॉक्टरांनी ते घेतलं. कालपर्यंत ज्यांना दुय्यम म्हणत होते ते ६५ डॉलरमध्ये बरोबरीचे झाले, ह्याचा अर्थ विद्येत कमी काही नव्हतंच. सैन्याने डीओंना डॉक्टर म्हणून घ्यायला सुरुवात केली ती १९६६ नंतर. आज पन्नासही राज्यांत दोघांना सारखाच पूर्ण परवाना मिळतो, आणि अमेरिकेतल्या दर चार मेडिकल विद्यार्थ्यांत एकाहून अधिक डीओचा असतो. गंमत बघा, आमच्या मिशिगनमध्ये तर ही परंपरा फारच जुनी. १९६९ मध्ये पाँटिअ‍ॅकला सुरू झालेलं कॉलेज दोन वर्षांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गेलं. आमचे घरचे डॉक्टर, ज्यांच्याकडे आम्ही अठरा वर्षं जात होतो, तेही डीओच निघाले. पाट्या वाचत वाढलेली मी, ती पाटी मात्र कधी नीट वाचली नव्हती.

ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात ऑस्टिओपॅथ म्हणजे औषध न लिहिणारा, फक्त हाताने उपचार करणारा. पुण्यामिरजेतले नातेवाईक इंटरनेटवर शोधतात तेव्हा त्यांना तेच सापडतं आणि घोळ वाढतो. २०२० च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प कोव्हिडने वॉल्टर रीड हॉस्पिटलात होते. त्यांचे डॉक्टर शॉन कॉनली रोज बाहेर येऊन बोलायचे, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटावर डीओ लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात लोक उघड विचारत होते की हा खरा डॉक्टर आहे का. लेक तेव्हा कॉलेजांचे अर्ज भरत होती. टीव्ही बंद करून ती वर गेली आणि अर्ज पुरे करत बसली. मी जिन्याखाली उभी राहिले. वर जाऊन काय बोलावं ते सुचलं नाही.

आता रेसिडेन्सीबद्दल. मेडिकल संपलं तरी रेसिडेन्सी, म्हणजे एखाद्या शाखेतलं हॉस्पिटलातलं पुढचं शिक्षण, मिळाल्याशिवाय इथे डॉक्टरकी करता येत नाही, आणि ती मिळते 'मॅच'मधून, म्हणजे विद्यार्थी आणि हॉस्पिटलं ह्यांच्या जुळणीतून. पूर्वी डीओंसाठी वेगळी मॅच असायची. ती फेब्रुवारीत व्हायची, सगळ्यांची मार्चमध्ये. डीओच्या मुलाला दोन्हीकडे नाव घालता यायचं, पण फेब्रुवारीत जागा लागली की मार्चमधून नाव आपोआप बाहेर. म्हणजे हातातलं धरायचं की दूरच्या आशेवर सोडायचं, हा जुगार पंचविशीतल्या पोरांनी खेळायचा. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचा करार झाला, पाच वर्षं बदलाला दिली, आणि २०२० पासून मान्यता एक, मॅच एक. बहुतेक सगळे ह्याला विजय म्हणतात, आणि मलाही तो तसाच वाटतो. पण ऑर्थोपेडिक्स, कान-नाक-घसा, त्वचारोग ह्यांत डीओंसाठी म्हणून ज्या थोड्या जागा राखल्यासारख्या होत्या, त्या आता सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. काही लहान हॉस्पिटलांना नवे निकष झेपले नाहीत, त्यांचे प्रोग्रॅम बंद पडले. दार रुंद झालं, पण दारात उभी असलेली गर्दीही वाढली.

आणि परीक्षा? त्या एक झाल्या नाहीत. डीओंची परीक्षा कॉमलेक्स, एमडींची यूएसएमएलई. परवान्यासाठी डीओला कॉमलेक्स पुरते. पण कितीतरी प्रोग्रॅमना कॉमलेक्सचे आकडे वाचायची सवय नाही. यूएसएमएलईचे गुण तीनशेच्या आतले, कॉमलेक्सचे नऊशे नव्व्याण्णवपर्यंत जाणारे. तुलना करत बसायला वेळ कुणाला? म्हणून मुलं दोन्ही देतात. माझ्या लेकीने २०२३ च्या उन्हाळ्यात दोन्हींचा पहिला टप्पा दिला, मधे फक्त अकरा दिवस. एकेक परीक्षा आठ-आठ तासांची, फी प्रत्येकी सातशे डॉलरच्या आसपास. एव्हाना दोन्हींचा पहिला टप्पा नुसता पास-नापास झाला होता. म्हणजे दोनदा तेच शिकून, दोनदा तोच देह झिजवून, हातात दोन वेळा 'पास' हा एकच शब्द. कुठली शाखा घ्यायची ते तेव्हा तिचं ठरलं नव्हतं, म्हणून सगळी दारं उघडी ठेवायची होती. ज्याच्याजवळ दुसरी परीक्षा द्यायला पैसे नसतात, त्याची दारं किती लवकर बंद होत असतील, हे मला अजून टोचतं. एकाच कामाचा परवाना देणाऱ्या देशाने एकाच शिष्याकडून दोन वेळा गुरुदक्षिणा घेऊ नये.

तिसऱ्या वर्षी ती गावोगाव फिरली. बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. मुलं दोन वर्षं वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत शिकतात. तिने दोन वर्षांत तीन घरं बदलली, सगळा संसार एका गाडीत. त्यातल्या एका गावात, आमच्यापासून उत्तरेला साडेचार तासांवर, तिला फॅमिली मेडिसिन सापडलं. तिथल्या क्लिनिकमध्ये एका सकाळी गरोदर बाई, तिचा खोकणारा थोरला आणि गुडघा धरून बसलेली सासू असे तिघं एकाच खोलीत तपासले, असं तिने फोनवर सांगितलं. सासूबाईंच्या गुडघ्याला तिने हात लावून पाहिलं म्हणून त्या रडल्या. कितीतरी वर्षांत डॉक्टरने हात लावून पाहिला नव्हता म्हणे. त्या रात्री तिने मला सांगितलं, "आई, मला हेच करायचंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे स्पेशालिस्ट नाही?" ती काही बोलली नाही. मिरजेत ताप आला की आम्ही ज्यांच्याकडे धावायचो, ते आमचे फॅमिली डॉक्टरच होते, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मुलं आपल्या आवडत्या प्रोग्रॅममध्ये महिनाभर काम करून येतात. ह्याला ती ऑडिशन म्हणतात, आणि डीओंच्या बाबतीत ह्या महिन्याला फार वजन असतं. कागदावर दोन अक्षरं बघून जो पुढे गेला असता, तो चार आठवडे माणूस बघतो. ती त्याच उत्तरेकडच्या हॉस्पिटलात गेली. सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज गेले. एकाच संकेतस्थळावरून सगळे अर्ज. निबंध, शिफारसपत्रं, कॉलेजचं पत्र, गुण. शिवाय 'तुम्ही मला खरोखर हवे आहात' असं कळवणाऱ्या काही खुणा, फॅमिली मेडिसिनला फक्त पाच. त्या पाच खुणा ती दोन आठवडे वहीत लिहून खोडत होती.

एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या प्रोग्रॅमकडून तिला दोन ओळींचं उत्तर आलं: यूएसएमएलईच्या दुसऱ्या टप्प्याचे गुण नाहीत, म्हणून अर्ज पुढे नेता येणार नाही. कॉमलेक्सच्या दुसऱ्या टप्प्यात तिला उत्तम गुण होते. ते कुणी उघडून पाहिले नव्हते. मी रागाने थरथरत होते, तिने ईमेल वाचून फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी पोळ्या चांगल्या झाल्या नाहीत. आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

मुलाखती आता घरबसल्या, कॅमेऱ्यापुढे होतात. वरती ब्लेझर, खाली पायजमा, मागे पुस्तकांचं कपाट. जानेवारीपर्यंत त्या आटपल्या, आणि मग आली यादी.

आपल्याकडे नीट पीजीला रँक लागला की रँक बोलतो. कॉलेजला तुमचा चेहरा बघायचीही गरज नसते. इथे तसं नाही. विद्यार्थी प्रोग्रॅमची क्रमवार यादी लावतो, प्रोग्रॅम विद्यार्थ्यांची लावतो, आणि कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. याद्यांची ही जुळणी १९५२ पासून चालू आहे. आमच्या घराजवळच्या एका युनिव्हर्सिटीच्या प्रोग्रॅममध्ये तिची मुलाखत छान झाली होती. मी म्हणत होते, तो पहिला टाक, तो सेफ आहे. उत्तरेला चारच जागा, तो पहिला टाकलास आणि मिळाला नाही तर ह्याचीही संधी जाईल. तिने उठून तीन वाट्या आणल्या, आणि सुक्या मेव्याचा डबा.

"हा काजू म्हणजे मी," ती म्हणाली. "मी माझ्या पहिल्या पसंतीच्या वाटीत जाते. जागा आहे, बसते. पण अजून कच्चं आहे. हा बदाम, ह्याची पहिली वाटी वेगळी, ती ह्याला घेत नाही. मग हा दुसऱ्या पसंतीला, माझ्याच वाटीत येतो. ह्या वाटीच्या यादीत बदाम माझ्या वर आहे. मी उठते." काजू उचलून तिने दुसऱ्या वाटीशी नेला. तिथे शेंगदाणा बसला होता. मी म्हटलं, "बघ, गेली की नाही जागा? आधी इथे आली असतीस तर?" "थांब. ह्या वाटीच्या यादीत मी शेंगदाण्याच्या वर आहे. मी उशिरा आले म्हणून काही बिघडत नाही. शेंगदाणा उठेल, मी बसेन. सगळ्यांचं फिरून झालं की मगच पक्कं होतं." पहिली जागा न मिळाल्याने दुसरीवरचा हक्क एक इंचही कमी होत नाही. म्हणून यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच लावायची. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली ह्या दोघांनी १९६२ मध्ये गणिताने हे मांडलं. नव्वदच्या दशकात अल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन ह्यांनी मॅचची पद्धत अशी बदलली की मागणी विद्यार्थ्याकडून सुरू व्हावी. रॉथ आणि शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

वाट्या तशाच ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, मी तुला जवळ हवीये म्हणून सांग. सेफ म्हणून नको सांगू."

मी काजू उचलून डब्यात ठेवला. "जवळ हवीयेस," मी म्हटलं. तिने मान हलवली. यादीत उत्तरेचं हॉस्पिटल पहिलं राहिलं, दुसरं ओहायोतलं एक, आणि घराजवळची युनिव्हर्सिटी तिसरी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने ती पक्की केली. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त एवढंच कळतं की जागा लागली की नाही. कुठे लागली ते शुक्रवारी दुपारी बारा वाजता. २०२५ चा तो सोमवार १७ मार्चचा. दहा वाजता तिला लागल्याचं कळलं. साडेदहाला तिच्या वर्गातल्या एका मुलाचा फोन आला. त्याला ऑर्थोपेडिक्स हवं होतं, लागलं नव्हतं. हा मुलगा दोन दिवाळ्या आमच्याकडे जेवला होता, माझ्या करंज्यांना हाताने बसवलेल्या मुरडी बघून म्हणाला होता की ही टाके घालणारी बोटं आहेत. त्या वर्षी डीओच्या शेवटच्या वर्षातल्या ९२.६ टक्के मुलांना जागा लागली, एमडीच्या ९३.५ टक्के. आकडे बघितले तर अंतर एका टक्क्याचंही नाही. पण ते अंतर शाखांच्या आत लपलेलं असतं. फॅमिली मेडिसिनमध्ये त्या वर्षी आठशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या; न्यूरोसर्जरी, त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी ह्यांच्या दारात डीओ आजही कमीच दिसतात. आणि जी मुलं राहतात, ती टक्केवारीत राहत नाहीत, स्वयंपाकघरातल्या फोनवर रडतात.

न लागलेल्यांना त्याच आठवड्यात उरलेल्या जागांसाठी पुन्हा अर्ज करायची सोय असते, तिला 'सोप' म्हणतात. तीन दिवस तो आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. लेक त्याचा निबंध पुन्हा लिहायला मदत करत होती. पाच वर्षं हाडांबद्दल लिहिलेलं, एका रात्रीत दुसऱ्या शाखेसाठी लिहायचं. मी वरणभात पुढे करत होते. गुरुवारी त्याला कॅन्ससमध्ये फॅमिली मेडिसिनची जागा मिळाली. त्याने ती घेतली. "थँक यू, आंटी," म्हणाला आणि ताट स्वतः विसळून ठेवलं.

शुक्रवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सोहळा होता. लेक म्हणाली, गर्दीत नको. आम्ही दोघी पार्किंगमध्ये गाडीत बसलो, हीटर चालू ठेवून. काचेवर वाफ धरली होती. बारा वाजता ईमेल आलं. तिने वाचलं आणि गावाचं नाव घेतलं. ओहायो.

"दुसरी," मी म्हटलं.

"दुसरी," ती म्हणाली.

उत्तरेकडच्या त्या चार जागांत ती बसली नव्हती. कुणाच्या तरी यादीत कुणीतरी तिच्या वर होतं, बस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. तिसरीला पहिली टाकली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला. तिच्याही आला असेल. दोघींनी तो गाडीतच ठेवला. मग ती म्हणाली, "तिथल्या क्लिनिकला मोठ्या खिडक्या आहेत." जानेवारीत ती स्वतः जाऊन बघून आली होती. "आणि प्रत्येक खोलीत टेबल आहे, ओएमटीचं." ओएमटी म्हणजे तिचे ते हाताने करायचे उपचार. हॉलमधून टाळ्यांचा आवाज येत होता. आम्ही आत गेलो.

जूनच्या शेवटी तिला पोचवायला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, जिना अरुंद. १ जुलैला तिने गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो पाठवला. तिचं नाव, नावापुढे डीओ, खाली फॅमिली मेडिसिन. मी तो मिरजेला पाठवला. आईला आता नीट दिसत नाही. मामाने तिला अक्षरं वाचून दाखवली. मग तिने फोन हातात घेतला.

"हात चांगलाय तिचा," आई म्हणाली. मागच्या वेळी आम्ही गेलो होतो तेव्हा लेकीने तिची कंबर बघितली होती, पलंगावरच, गादी बाजूला सारून. "ते टेबल नेलंय का बरोबर?"

"नेलंय," मी म्हटलं. "जिन्यातून वर न्यायला दोघं लागले."